चार बोटं हवा

कोंबड्यांच्या शेडचा नकाशा काढणाऱ्या मॅडमनी छताचा पत्रा आणि चांदीचा कागद यांच्यामध्ये बोटं सारायचा प्रयत्न केला आणि ती आत गेली नाहीत. एवढंच झालं. मग त्यांनी खिशातून लोखंडी फूटपट्टी काढून तिची कड घालून पाहिली, तीही गेली नाही. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या मिस्त्रीला हे सगळं दिसत होतं आणि त्याची छाती फुगत चालली होती, कारण पस्तीस वर्षांत त्याच्या कामात कुणाची पट्टी शिरली नव्हती आणि आज या शिकूनसवरून आलेल्या बाईंचीही शिरली नाही. आता त्या खाली उतरतील, हात झटकतील आणि काहीतरी बरं बोलतील, म्हणून त्यानं चेहरा आधीच साधा करून ठेवला. कौतुक ऐकताना चेहरा साधा ठेवायची त्याला सवय होती. मॅडम वरूनच म्हणाल्या, "मिस्त्री, हे सगळं उतरवावं लागेल हो."

"उतरवायचं? का? कुठं ढिलं राहिलंय?"

"ढिलं राहिलं नाही, तेच तर." त्या उतरून आल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहून, शाळेतल्या बाई सांगतात तशा, न चिडता सांगू लागल्या. "हा चकचकीत कागद ऊन अडवतो ते केव्हा? त्याच्या तोंडासमोर मोकळी हवा असेल तेव्हा. तुम्ही तो पत्र्याला चिकटवलात, वरून प्लायवूड ठोकलंत. चिकटला की तो पत्र्याचाच झाला. पत्रा तापला की हाही तापणार आणि खालचं प्लायवूडही. मधे चार बोटं जागा हवी. चार बोटं हवा, आणि त्या हवेला बाहेर जायला वाट. मी नकाशात दाखवलं होतं." नकाशात दाखवलं होतं हे खरं होतं. मिस्त्रीनं ते पाहिलंही होतं, आणि कागदावर काम करणाऱ्यांना जागा सोडायला काय जातं, असं म्हणून मनातल्या मनात दुरुस्त करून टाकलं होतं. नकाशे दुरुस्त करायचीही त्याला सवय होती.

"चुकलं. करतो," तो म्हणाला, आणि त्याचे दोघे जोडीदार एकमेकांकडे बघायला लागले, कारण मिस्त्री वाद न घालता 'चुकलं' म्हणाला हे त्यांनी या जन्मात प्रथमच ऐकलं होतं. पण मिस्त्री त्या शेडमध्ये उरलाच नव्हता. "मॅडम," त्यानं विचारलं, "राहतं घर असलं तर?"

"घर असो नाहीतर कोंबड्यांची शेड असो, पत्र्याला काय कळतंय?"

"आणि वळचणीला पत्र्याच्या पन्हळीची तोंडं असतात, ती सिमेंटनं बुजवली असली तर?"

"मग तर भट्टीच की!" मॅडम हसल्या. कुणा तरी तिसऱ्याच माणसाच्या मूर्खपणाला हसावं तशा हसल्या, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

त्याला सगळे चपखल म्हणत. तोंडावर मिस्त्री, पाठीमागे चपखल, आणि पाठीमागचं नाव त्याला जास्त आवडत असे. त्यानं बसवलेला पत्रा वाऱ्यात वाजत नसे. त्याचा स्क्रू एक आटा जास्त फिरलेला असे. बाकीचे पत्रेवाले काम संपवून खाली उतरत तेव्हा हा वर राहून बोटाच्या टोकानं सांधे चाचपत असे, आई झोपलेल्या लेकराचं पांघरूण चाचपते तसा. फट म्हणजे कामचुकारपणा, फट म्हणजे वारा, धूळ, पाल, चिमणी, आणि फट म्हणजे उद्या गिऱ्हाइकाचा फोन, असं त्याचं शास्त्र होतं. आणि या शास्त्राचं सगळ्यात उत्तम उदाहरण म्हणून तो ज्या छताकडे बोट दाखवी ते त्याच्या स्वतःच्या घराचं होतं. बावीस वर्षांपूर्वी बांधकामावरून सुट्टी घेऊन आठ दिवस तो त्या छताला लटकला होता. बायकोची बहीण राहायला आली होती, आणि दुपारी पदरानं वारा घेत ती सहज बोलून गेली होती की बाई गं, या पत्र्याखाली तू राहतेस तरी कशी, मला तर एक दिवस निघेना. बायकोनं नुसतं हसून पाण्याचा तांब्या पुढे केला होता. पण मिस्त्रीच्या ते जिव्हारी लागलं होतं. गावभराला छपरं घालणाऱ्या माणसाच्या बायकोला पत्र्याखाली उकडावं! कुठल्याशा मोठ्या कामावर उरलेला चांदीचा कागद मागून आणला, प्लायवूड आणलं, आणि तिन्ही थर एकमेकांवर असे दाबून बसवले की मधे सुरीचं पातं जाऊ नये. पन्हळीची तोंडंसुद्धा एकेक करून सिमेंटनं भरली, कारण तिथे चिमण्या यायच्या आणि तिच्या स्वच्छ जमिनीवर काड्या पडायच्या. आठव्या दिवशी शेवटचा खिळा ठोकून तो खाली आला. ती खोलीच्या मधोमध उभी राहून वर बघत होती. "काय?" त्यानं विचारलं. "गार वाटतंय हो," ती म्हणाली, "केवढा फरक पडलाय!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याला वाटलं ते आनंदाचं. ते आनंदाचंच होतं. आणि ती म्हणाली तेही खरंच असेल, कारण तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते.

आता ती तीन आठवडे दवाखान्यात होती. एका मंगळवारी दुपारी घरात भोवळ येऊन पडली, शेजारच्या शिवणवाल्या काकूंना तीन वाजता सापडली, आणि तपासल्यावर कळलं की हृदय मुळातच दमलेलं होतं, उष्णतेनं त्याला आणखी दमवलं. परवा घरी सोडणार होते. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, गोळ्या एक वेळ पुढेमागे झाल्या तर चालतील पण ऊन आणि उकाडा चालणार नाही, उन्हाळा संपेपर्यंत खोलीत चौतीसच्या वर पारा जाता कामा नये. लेक आठ तासांच्या अंतरावरून येऊन दवाखान्यात मुक्काम ठोकून बसली होती. तिचं म्हणणं सरळ होतं. आईला मी घेऊन जाते, माझं घर स्लॅबचं, तळमजला, समोर झाडं. आणि मिस्त्रीचं म्हणणंही सरळ होतं. आपलं घर गार आहे, मी स्वतःच्या हातानं केलंय, बावीस वर्षं तिनं कधी उकडतंय म्हणून तक्रार केली का विचार तिला! लेकीनं विचारलं होतं. आई छताकडे, म्हणजे दवाखान्याच्या छताकडे, बघत म्हणाली होती, "मी घरीच जाणार." तेव्हा मिस्त्रीनं लेकीकडे असं पाहिलं होतं की जणू निकाल कोर्टानं दिलाय. कालची गोष्ट. या तीन आठवड्यांत तिच्यावाचून घर खायला उठत होतं, सकाळी चहा दोन कप टाकला जायचा आणि दुसरा कप तोच पिऊन टाकायचा, आणि परवापासून ती असेल या एका गोष्टीवर त्याचे दिवस ढकलले जात होते. त्यानं मॅडमना विचारलं, "ते तापमान बघायचं पिस्तूल आजच्या दिवस देता का?" मॅडमनी दिलं, वर भिंतीवर लावायचा एक छोटा तापमापकही दिला, कशाला म्हणून विचारलं नाही. बारा वाजता तो घरी निघाला.

दुपारी बारा वाजता घरी जाणं त्याला इतकं अनोळखी होतं की स्वतःच्या गल्लीत तो पाहुण्यासारखा चालला. पत्रेवाल्याची उन्हाळ्यातली दुपार कामावरच जाते. पहाटे पाचला पत्र्यावर चढायचं, अकराला खाली उतरायचं, सावली बघून डबा खायचा, मग तिथेच कापाकापी, मोजमाप, सांधेजोड, आणि पुन्हा ऊन कललं की वर. घरी यायला सात. बावीस वर्षांत रविवार सोडला तर आपलं छत दुपारी काय करतं हे त्याला माहीत नव्हतं. कुलूप काढून तो आत गेला आणि दार लावून घेतलं, ती लावून घेत असेल तसं. आधी तर काहीच वाटलं नाही. बाहेरच्या उजेडातून आल्यावर अंधारच बरा वाटला. त्यानं चपला काढल्या, तिच्या खाटेवर आडवा झाला, आणि वाट बघू लागला. पत्रा वाजत नव्हता. साधा पत्रा दुपारी कुरकुरतो, तापला की अंग ताणून टणटण बोलतो, आणि माणसाला कळतं की ऊन डोक्यावर आलंय. याचा पत्रा बोलत नव्हता. त्यानं त्याचं तोंड आवळून टाकलं होतं. उष्णता आवाज न करता खाली येत होती. आधी कपाळावर, मग पापण्यांवर, मग ती कुठून येतेय हे कळेनासंच झालं, ती उशीतून येत होती, खाटेच्या लोखंडातून येत होती, श्वास घेतला की नाकातून आत जात होती आणि बाहेर आलेला श्वासच थोडा गार वाटत होता. त्यानं पिस्तूल वर धरलं. एक्कावन्न. त्यानं ते प्लायवूडवर दुसरीकडे धरलं. एक्कावन्न. कोपऱ्यात, मधोमध, दारावर, सगळीकडे एक्कावन्न, कुठे एका अंशाची फट नाही. काम खरोखरच चपखल होतं. भिंतीवरचा तापमापक एक्केचाळीस दाखवत होता.

त्याला उठून बाहेर जावंसं वाटत होतं आणि तो उठला नाही. चार वाजेपर्यंत पडून राहायचं असं त्यानं ठरवलं होतं, कशासाठी ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मग रविवार? रविवारी तर मी इथेच झोपतो, घोरतो, रविवारी कसं उकडलं नाही मला? आणि पडल्यापडल्या त्याला दोन भिंतींमधली दोरी दिसली. रिकामी दोरी. रविवारी तिचं धुणं असायचं. आठवड्याच्या चादरी, पडदे, त्याचे कामाचे कपडे, सगळं नेमकं रविवारी सकाळी, आणि ते ती बाहेर वाळत घालत नसे. आत घालायची, खाटेच्या चारी बाजूंनी, ओल्या चादरींच्या भिंती करून. त्यावरून तो तिच्यावर वैतागलाही होता, अगं बाहेर एवढं खणखणीत ऊन आणि तू घरात काय दमट करून ठेवतेस! बाहेर धूळ आहे, ती म्हणायची. रस्ता डांबरी झाला, धूळ गेली, तरी ती म्हणायचीच, बाहेर धूळ आहे. आणि खिडकीतून येणारी झुळूक त्या ओल्या कापडांतून गाळून त्याच्या अंगावर यायची, आणि तो झोप लागता लागता दर रविवारी तेच म्हणायचा, "बघ, कसं गार आहे. कागदाची कमाल आहे." ती म्हणायची, "हो ना." एकदाही हसली नसेल का तोंड फिरवून? हसली असेल. त्यानं मनापासून इच्छा केली की ती हसली असू दे, निदान दोन-चारदा तरी पोटभर.

अडीच वाजता त्याला राहवेना म्हणून तो तोंडावर पाणी मारायला मोरीत गेला. मोरीच्या दाराआड भिंतीला टेकवून एक घमेलं उभं होतं. त्यानं ते ओळखलं. डावा कान वाकलेला, तळाशी त्याच्या खुणेची फुली. हे घमेलं अठरा वर्षांपूर्वी हरवलं होतं आणि त्यावरून त्यानं एका जोडीदाराला चोर म्हणून कामावरून घालवलं होतं, दोन दिवसांनी परत बोलावलं होतं खरं, पण चोर म्हटलं ते म्हटलंच. घमेल्याच्या आत सिमेंटचा मागमूस नव्हता. कडेला पाण्याची पांढरी रेघ होती, वर्षानुवर्षं एकाच उंचीपर्यंत पाणी भरल्यावर पडते तशी, घोट्याच्या थोडी वर. शेजारी बुटकं स्टूल. त्यानं स्टूल ओढलं, घमेल्यात पाणी भरलं आणि पाय बुडवून बसला. मोरीचा तो कोपरा घरातला सगळ्यात खालचा, भिंत शेजारच्या इमारतीला लागलेली. तिथे जरा बरं होतं. समोर दोन हातांवर एवढंसं झरोक्याचं भोक, त्यातून शेजारच्यांच्या जिन्याची कड दिसत होती. ती इथे बसायची. सात वाजायच्या आत पाणी ओतून द्यायची, घमेलं पुसायची, पाय पुसायची, आणि दार उघडून "आलात?" म्हणायची. पाण्यातले त्याचे पाय त्याला दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते, आणि मग तो रडायला लागला, मोठ्यानं, दुपारी पावणेतीन वाजता, मोरीत बसून, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस.

झरोक्यातून आवाज आला, "कोण आहे? वहिनी आल्या का?" शिवणवाल्या काकू जिन्यात येऊन बघत होत्या. त्यानं नाक शिंकरलं आणि म्हणाला, "मी आहे, काकू." मग त्या दाराशी आल्या, त्याचे ओले पाय पाहिले, लाल डोळे पाहिले, उंबऱ्यातून आत एक पाऊल टाकलं आणि लगेच मागे घेतलं. "अगं बाई, किती तापलंय!" एवढं बोलल्या आणि जीभ चावली, मग दारातच बसल्या. "तुम्हाला कळलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"काय काय आहे कळायचं?"

"सांगू नका म्हणाल्या होत्या. माझ्या गळ्याची आण घातली होती." काकूंनी पदरानं मान पुसली. "अकराला यायच्या माझ्याकडे. चारला घरी जायच्या आणि सातपर्यंत मोरीत पाण्यात पाय घालून बसायच्या. आमच्या जिन्याखाली गारवा असतो ना, तिथे पोतं टाकून बसायच्या, माझी काजं-बटणं करून द्यायच्या. तुम्हाला काय वाटलं, त्यांना शिवणकामाची हौस आहे?"

त्याला तसंच वाटलं होतं. पाहुण्यांना तो सांगायचाही, हिला भारी हौस आहे. "मग त्या मंगळवारी?" त्यानं विचारलं, आणि काकूंचा चेहरा उतरला. "त्या दिवशी मी बहिणीकडे गेले होते, भाऊ. जिन्याला कुलूप लावून. आदल्या दिवशी सांगायचं राहूनच गेलं. तीनला आले आणि म्हटलं आज वहिनी कशा नाहीत... तेव्हापासून मला घास गोड लागत नाही बघा. एक कुलूप हो, किल्ली ठेवून जायला काय झालं होतं मला?"

"तुमचं कुलूप नाही, काकू," मिस्त्री म्हणाला. "बावीस वर्षांपूर्वी मी घातलेलं होतं ते." मग दोघं तिथेच बसून राहिले, त्या दारात, तो आत, आणि चार वाजायला आले तेव्हा काकूंनी न विचारता चहा आणून दिला.

दवाखान्यात भेटायची वेळ पाचला सुरू व्हायची. बायकोनं केस विंचरून घेतले होते आणि ती उशांना टेकून बसली होती, परवाच्या तयारीत असल्यासारखी. लेक औषधांच्या चिठ्ठ्या लावत होती. मिस्त्री खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, पायांवरच्या चादरीची नसलेली सुरकुती काढत राहिला, आणि लेकीकडे बघून म्हणाला, "आईला तुझ्याकडे घेऊन जा. परवा इथूनच. घरी नको."

लेकीच्या हातातली चिठ्ठी तशीच राहिली. कालपर्यंत हाच माणूस तिच्याशी हमरीतुमरीवर आला होता. पण बोलली ती बायको. "मला विचारलंत?" ती म्हणाली. "दोघं मिळून माझं ठरवताय, मी काय कपाट आहे इकडून तिकडे हलवायला? मी घरीच जाणार म्हटलं ना काल?"

"मी आज दुपारी घरी होतो," मिस्त्री म्हणाला.

लेक एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघू लागली. "बारा ते चार. घमेलं सापडलं मला," तो म्हणाला. तिनं चेहरा बाजूला केला, आणि त्याला वाटलं ही आता रडणार, पण तिचे खांदे हलायला लागले आणि ती हसत होती. हसता हसता छातीवर हात ठेवावा लागला, लेक धावली, "आई, सावकाश!" आणि ती म्हणाली, "अगं, त्या बिचाऱ्याला आपल्या दारात उभं करून चोर ठरवलं यांनी, आणि मी आत भिंतीआड पाय बुडवून ऐकतेय! त्याला मी चार महिने डबा पाठवला गुपचूप, शरमेनं." मिस्त्रीलाही हसू आलं, पण ते अर्ध्यावरच तुटलं. तो खाटेच्या कडेला बसला. "का नाही बोललीस?" तो म्हणाला. "एवढी वर्षं. एकदा म्हणायचं होतंस, उकडतंय. मी काय खाल्लं असतं तुला?"

"तुम्ही आठ दिवस लटकला होतात छताला," ती म्हणाली. "माझ्यासाठी. हाताला फोड आले होते, उतरलात तेव्हा मान वळत नव्हती तुमची. माझ्यासाठी कुणी असं काही केलं नव्हतं हो कधी. त्याला गरम कसं म्हणणार होते मी?" मग जरा थांबून म्हणाली, "पहिल्या वर्षी बोलायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता पहिल्या वर्षी का नाही बोललीस. मग ते राहूनच गेलं. आणि खरं सांगू? बोलले असते तर तुम्ही सगळं काढून पुन्हा आणखी घट्ट बसवलं असतंत."

"बसवलं असतं," मिस्त्रीनं कबूल केलं. लेक खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि डोळे पुसत होती. त्यानं बायकोचा हात धरला. लेकीसमोर त्यानं असा हात कधी धरला नव्हता, पण आज त्याला लाजायचंही सुचलं नाही. "जा तिच्याकडे," तो म्हणाला. "मी छत उघडतो. चौतीसच्या खाली आणतो. मग ये. त्याच्या आधी आलीस तर मी दार उघडणार नाही." ती म्हणाली, "बघा हं, दार उघडणार नाही म्हणे. किल्ली माझ्याकडेही आहे." पण तिनं मान हलवली होती, आणि परवा दुपार व्हायच्या आत लेक तिला घेऊन गेली.

पत्रा खाली उतरवण्यापेक्षा स्वतःचं काम उसकटणं अवघड असतं. एकेक खिळा निघायला नकार देत होता आणि प्रत्येक खिळा काढताना त्याला तो ठोकल्याचं आठवत होतं. जोडीदार सकाळी दोन तास यायचे. घमेल्याचा जोडीदारही होता. त्याला मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी घमेलं दाखवलं आणि म्हणाला, "मी तुला चोर म्हणालो होतो. माझ्या मोरीत होतं." त्यानं घमेलं हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि तो म्हणाला, "म्हणून वहिनी डबा पाठवायच्या होय! मला वाटायचं माझ्यावर एवढी माया कशी." मग ते कामाला लागले. प्लायवूड काढलं. कागद सोडवला, आढ्याच्या दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या मारल्या आणि पत्र्यापासून चार बोटं खाली तो नव्यानं ताणला, चकचकीत बाजू वर. हात ऐकत नव्हते. त्याचं लक्ष हटेपर्यंत थांबून ते गुपचूप कागद वर दाबायचे, आणि त्याला त्यांना पुन्हा खाली आणावं लागायचं. "मिस्त्री, ढिलं राहिलं की!" जोडीदार ओरडायचे आणि पोट धरून हसायचे. तो मॅडमची चार बोटं आठवून आपली चार बोटं आत घालायचा, इथे, तिथे, दर हातावर, आणि बोटांना आत लागणारी ती हालती हवा त्याला शिवीसारखी वाटायची, पुढे पुढे मात्र वाटेनाशी झाली. पन्हळीची तोंडं छिन्नीनं फोडली, जाळी लावली. आढ्यावरच्या पत्र्याच्या टोपीखाली लांब फट सोडली, गरम हवेला वरून जायला. बाहेरून पांढरा रंग दिला, दोन हात. मॅडम एकदा येऊन बघून गेल्या. शाबास वगैरे म्हणाल्या नाहीत, फक्त बोटं घालून बघितली आणि ती सहज आत गेली.

आणि रोज दुपारी दोन वाजता तो कामावरून घरी यायचा, खाटेवर बसायचा, भिंतीवरचा तापमापक बघायचा आणि लेकीच्या घरी फोन लावायचा. फोन बायकोच उचलायची, पहिल्या घंटेला. ती काही इकडचं तिकडचं विचारायची नाही. "किती?" एवढंच. तोंडं फोडली त्या दिवशी तो एकोणचाळीस म्हणाला. आढं उघडलं त्या दिवशी अडतीस. पहिला रंग, सदतीस. मधे दोन दिवस आकडा हललाच नाही आणि ती म्हणाली, "असू दे, पत्रासुद्धा तुमच्यासारखाच, लगेच थोडाच ऐकणार." तिकडे ती बरी होती, जेवत होती, संध्याकाळी झाडांखाली चार पावलं चालत होती, हे त्याला लेकीकडून कळायचं. पण लेक हळूच असंही म्हणायची, बाबा, आई दीड वाजल्यापासून फोनजवळ बसून असते. त्याला तर घरात बोलायला तापमापकाशिवाय कुणी नव्हतं. काकू भाजी आणून द्यायच्या, तो खायचा आणि भांडं घासून परत द्यायचा. चोवीस दिवस झाले होते.

चोविसाव्या दिवशी रंगाचा दुसरा हात वाळला. पत्रा वरून इतका पांढरा झाला होता की सकाळी त्याच्याकडे बघवत नव्हतं. दोन वाजता तो आला तेव्हा दारातच त्याला फरक लागला. पत्रा टणटण बोलत होता, मधून मधून, मोकळ्या आवाजात, आणि जाळीतून आलेला वारा कागदाखालून सळसळत आढ्याकडे जात होता. खाटेचं लोखंड हाताला नुसतं कोमट लागलं. तो डोळे मिटून बसला. त्याला ती मोरीच्या दारातून येताना दिसली, हात पुसत, आणि त्यानं ठरवलं की आता झालं, हे चौतीसच आहे, अंगाला कळतं. मग त्यानं डोळे उघडून भिंतीकडे पाहिलं. छत्तीस. तो उठला, तापमापकाला टिचकी मारली, तोंड जवळ नेऊन बघितलं. छत्तीसच. दोन अंशांनी काय होतंय, त्याच्या मनात आलं. ओल्या चादरी आहेत, काकूंचा जिना आहे, मी घरी राहीन. 'चौतीस' एवढा एकच शब्द बोलायचा होता, आणि ती उद्या रात्रीपर्यंत इथे असती. बावीस वर्षं ती त्याला खोटं 'गार' म्हणत आली होती, तो एकदा खोटं बोलला तर कुणाचं काय बिघडणार होतं? त्यानं फोन लावला.

"किती?" ती म्हणाली.

त्यानं पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं. "छत्तीस."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "छत्तीस?" ती म्हणाली. "दुसरा हात देऊनसुद्धा?"

"देऊनसुद्धा. वर अजून एक थर करता येईल म्हणतात मॅडम. खिडकीवर छज्जा काढायचाय पश्चिमेला. आठ-दहा दिवस लागतील." आणि मग, आयुष्यात कधी न बोललेलं वाक्य त्याच्या तोंडून निघून गेलं, "मला करमत नाही गं तुझ्याशिवाय."

"आज मी पिशवी भरून ठेवलीय," ती म्हणाली. "दुसरा हात आज ना, म्हणून. तुम्ही चौतीस म्हणाला असता तर लगेच निघाले असते."

"माहीत आहे."

"मग म्हणायचंत की. दोन अंशांसाठी मी काही मेले नसते. मी तर काय काय सहन केलंय त्या घरात, आणि तुम्हाला एवढं एक खोटं बोलवलं नाही?" तिच्या आवाजात राग होता, खराखुरा, आणि रागाच्या खाली काय होतं ते त्याला ऐकू येत होतं.

घामाचा एक थेंब त्याच्या कानामागून मानेवर उतरला.

"कसं बोलू?" तो म्हणाला. "आता दुपारी दोन वाजता मी घरात असतो."

तिनं नाक ओढल्याचा आवाज आला, मग लेकीचा लांबून आवाज, आई कोण आहे, आणि तिचं तोंड बाजूला करून दिलेलं उत्तर, कोण असणार. मग ती पुन्हा फोनवर आली.

"पाणी पीत जा," ती म्हणाली. "आणि छज्जा जरा मोठा काढा."